कथासंग्रह, वाचक आणि आपली सीमा

मराठी कथेचा इतिहास सांगणारी पुस्तके उघडली की लेखकांची नावे सापडतात, संग्रहांची नावे सापडतात, कोणत्या टीकाकाराने काय म्हटले तेही सापडते. वाचक मात्र त्यात फारसा दिसत नाही. घरखर्चातून चार पैसे बाजूला काढून ज्याने मासिक लावले, वाचनालयातून आणलेला संग्रह परत करण्याआधी ज्याने घरातल्या सगळ्यांच्या हातून फिरवला, आणि वाचून झाल्यावर 'ही गोष्ट काही मला पटली नाही' असे ज्याने शेजाऱ्याला सांगितले, त्याचे मत बहुधा कुठेच नोंदले गेले नाही.

यंदाच्या गणेशोत्सव स्मरणिकेसाठी आम्ही हाच विषय मुद्दाम निवडला. कथासंग्रह वाचणाऱ्यांची मते कशी घडली, कशी बदलली आणि त्यात पांढुर्णा-सौसरकडच्या आपल्या लोकांना आपले असे काय सापडते, हे इथे मांडायचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की मराठी कथा जेव्हा जेव्हा बदलली तेव्हा वाचकाच्या होकाराचा आणि नकाराचा त्यात वाटा होता. राज्याच्या सीमेपलीकडे राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी माणसांच्या हाती भाषेचे जे काही उरले आहे, त्यात वाचून मत देण्याचा हक्क सर्वांत मोलाचा आहे. तो वापरला नाही तर तोही जाईल.

आपण कुठले वाचक?

आधी आपला पत्ता. ब्रिटिश अमदानीत पांढुर्णा हे गाव छिंदवाडा जिल्ह्याच्या सौसर तहसिलीतच मोडत असे. जिल्हा मध्य प्रांतात आणि मध्य प्रांताची राजधानी नागपूर. कोर्टाचे काम असो, दवाखाना असो, मुलाचे कॉलेज असो, की संत्र्याचा बाजार, आपली वाट नागपूरकडेच जायची. १९२३ साली नागपूर विद्यापीठ सुरू झाले. त्याच वर्षी विदर्भ साहित्य संघाचीही स्थापना झाली. पांढुर्णा नागपूर-इटारसी या मोठ्या मार्गावर आणि सौसर नागपूर-छिंदवाडा या छोट्या गाडीच्या मार्गावर. ती छोटी गाडी २०१५ साली बंद होऊन पुढे तिथे मोठी लाईन आली. नागपूरचे वर्तमानपत्र, मासिक आणि पुस्तक आपल्याकडे येण्याचे रस्ते हेच होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली महाराष्ट्राचे झाले. छिंदवाडा जिल्हा मात्र एकूण पाहता हिंदी आणि गोंडी बोलणाऱ्यांचा. राज्य पुनर्रचना आयोगाने सीमा आखताना मुख्यतः जिल्हा हाच घटक धरला होता. त्यामुळे जिल्ह्याबरोबर आपण मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी नागपूरची भोपाळ झाली. घरात मराठी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, जामसावळीला मारुतीचे दर्शन, हे सगळे तसेच राहिले. कागदपत्रांची भाषा तेवढी बदलली. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि पांढुर्णा व सौसर या दोन्ही तहसिली त्यात आल्या. इतकी वर्षे जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात असलेला मराठी मुलूख आता स्वतःच एक जिल्हा आहे. म्हणूनच आपल्या वाचनाचा हिशेब मांडायला ही वेळ बरी आहे.

गोष्टीचा शेवट काय?

मराठी कथा वाचकाच्या घरी आली ती मासिकांतून. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केले आणि त्यातून स्फुट गोष्टी दिल्या. काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे 'मनोरंजन' १८९५ सालचे. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून ओळखला जातो तो १९०९ चा अंक याच 'मनोरंजन'चा. कादंबरी विकत घेणे सगळ्यांना परवडत नसे. मासिकातली गोष्ट मात्र एका बैठकीत वाचून होई आणि एकाच अंकावर चार घरे वाचत. गोष्टीवर मत देण्याची सवय मराठी माणसाला लागली ती अशी.

हे मत सुरुवातीला बहुतेक शेवटावर अवलंबून असे. गोष्टीत पुढे काय झाले, शेवटी उलगडा कसा झाला, धक्का बसला की नाही, यावर ती चांगली की वाईट ठरे. ना. सी. फडके यांनी या आवडीला शास्त्राचे रूप दिले. कथेची सुरुवात कशी असावी, गुंता कसा वाढवावा, उत्कर्षबिंदू कुठे आणावा, हे त्यांनी नीट मांडले. १९३१ सालचे त्यांचे 'प्रतिभासाधन' लेखकांनी वाचले आणि वाचकांनीही. वाचकाच्या हाती त्यामुळे एक मापपट्टी आली. गोष्ट रचनेत कुठे ढिली पडली हे आता शाळामास्तरही सांगू लागला.

ही मापपट्टी आजही आपल्या घरांत वापरात आहे. मोठ्याने वाचलेली कथा संपली की ऐकणाऱ्यांतले कोणी तरी हमखास म्हणते, "मंग त्याचं शेवटी काय झालं, थे तं सांगतलंच नाही." यात हसण्यासारखे काही नाही. गोष्टीने आपल्याला कुठे तरी नेऊन पोचवावे, ही अपेक्षा फार जुनी आहे. कीर्तनातले आख्यान ऐकून वाढलेल्या माणसाची तर ती असणारच.

नरखेडचा लेखक

पांढुर्ण्याहून नागपूरच्या गाडीत बसले की पहिले मोठे स्थानक नरखेड. मराठी कथेला फडक्यांच्या मापपट्टीबाहेर नेणाऱ्या लेखकांपैकी एक याच नरखेडचा. वामन कृष्ण चोरघडे यांचा जन्म १६ जुलै १९१४ रोजी तिथे झाला. त्यांची 'अम्मा' ही पहिली कथा १९३२ सालची आणि 'सुषमा' हा पहिला संग्रह १९३६ सालचा. पुढे 'हवन', 'यौवन', 'प्रस्थान' असे संग्रह आले. गांधीविचाराचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. स्वातंत्र्यचळवळीत त्यांनी भाग घेतला आणि वर्धा व नागपूर इथे अध्यापन केले. आपल्या घडणीची हकीकत त्यांनी 'जडणघडण' या आत्मचरित्रात सांगितली आहे. १९७९ साली चंद्रपूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९९५ साली त्यांचे निधन झाले.

चोरघड्यांच्या कथेत घटनांची गर्दी नाही. एखादा साधा माणूस, त्याच्या मनातला हळवा क्षण, भोवतालचे शेत-शिवार, आणि लोककथेसारखी ओघवती, जराशी काव्याकडे झुकणारी भाषा. त्याच काळात नागपुरात कुसुमावती देशपांडे लिहीत होत्या. जन्म अमरावतीचा, नागपूरला इंग्रजीच्या प्राध्यापक. 'दीपकळी', 'दीपदान', 'मोळी' हे त्यांचे संग्रह. त्यांच्याही कथेत कथानकापेक्षा मनःस्थितीला महत्त्व असे.

अशा कथा पहिल्यांदा हाती आल्यावर वाचक गोंधळला तर त्यात नवल नाही. शेवटाचा धक्का शोधणाऱ्याला तो इथे मिळत नाही. "यात गोष्ट कुठे आहे?" हा प्रश्न मराठी वाचकाने पुढची वीस-पंचवीस वर्षे वेगवेगळ्या लेखकांना विचारला. पण त्याच वाचकांतल्या काहींना या कथा वाचताना असे वाटले, की आपल्या घरात, आपल्या आईच्या किंवा वहिनीच्या मनात जे चालते ते पहिल्यांदाच कोणी तरी लिहिले आहे. पुढे समीक्षकांनी चोरघडे आणि कुसुमावती यांना नवकथेचे पूर्वसूरी म्हटले. समीक्षकांनी हे लिहिण्याआधी अशा थोड्या वाचकांनी त्यांना मनाशी धरून ठेवले होते, हे विसरून चालणार नाही.

आमच्या दृष्टीने इथे आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मराठी साहित्य म्हणजे पुण्या-मुंबईचे, आपण त्याचे दूरचे नातेवाईक, असे आपल्याकडे पुष्कळदा बोलले जाते. पण कथेच्या प्रवाहाला वळण देणाऱ्यांत एक माणूस आपल्या पुढच्याच मोठ्या स्टेशनवरचा होता. नरखेड आणि पांढुर्णा यांच्यामध्ये राज्याची सीमा आली ती त्याच्या जन्मानंतर बेचाळीस वर्षांनी. त्याच्या लहानपणी हा सगळा एकच मुलूख होता.

'समजत नाही' आणि 'आपलंच हाय'

१९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथांनी मराठी वाचकांत मोठी खळबळ उडवली. गाडगीळांचा 'मानसचित्रे' हा संग्रह १९४६ चा आणि 'कडू आणि गोड' १९४८ चा. १९३३ साली सुरू झालेले 'सत्यकथा' हे मासिक या नव्या कथेचे घर बनले. नवकथेवर दुर्बोधतेचा आरोप झाला. माणसाच्या मनातले विस्कळीत विचार लिहून ठेवणे म्हणजे कथा का, असे विचारले गेले. नवकथेच्या बाजूने लिहिणाऱ्यांचे उत्तर असे, की महायुद्धानंतरचा माणूसच विस्कटलेला आहे, मग त्याची कथा सरळ कशी असेल? या वादात वाचकांचे दोन तट पडले. त्यातून एक चांगले झाले. 'आवडली' आणि 'समजली' हे दोन शब्द वेगळे आहेत, हे वाचकाच्या ध्यानात आले.

माडगूळकरांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांचे 'माणदेशी माणसं' १९४९ साली आले. त्यातली माणसे दुष्काळी मुलखातली, कष्टकरी, अगदी साधी. ग्रामीण वाचकाला ती परकी वाटली नाहीत. पुढे माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथन केले. कथाकथनात वाचकाचे मत लेखकाला तिथल्या तिथे मिळते. लोक हसले तर हसले, गप्प बसले तर गप्प बसले. गणेशोत्सवाच्या मांडवात कथाकथन रुजले याचे कारण हेच. ज्याला वाचता येत नाही त्यालाही तिथे मत असते.

आपल्या बोलीचा प्रश्नही याच काळात पुढे आला. अमरावतीकडच्या उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली आली. तिच्यातली माणसे वऱ्हाडीत बोलतात. ज्या 'मले-तुले'ला शाळेत लाल रेघ मिळत असे, तीच भाषा छापील पुस्तकात सन्मानाने बसली. सातारा-कोल्हापूरकडची ग्रामीण बोली वाचताना आपल्याला अंदाज बांधावा लागतो. वऱ्हाडी वाचताना तो लागत नाही. म्हणून आपल्याकडे वऱ्हाडी कथेवरचे मत फार सोपे असते : "हे तं आपलंच हाय." हे मत साधे असले तरी वरवरचे नाही. आपली बोली छापली जाऊ शकते, तिच्यात दुःख आणि विचार मावतो, याची ती कबुली आहे.

वाचक म्हणजे नेमका कोण?

१९६३ साली बाबुराव बागुल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातल्या शीर्षककथेत नोकरीसाठी परगावी गेलेला दलित तरुण राहायला जागा मिळावी म्हणून आपली जात सांगत नाही, आणि ती उघड झाल्यावर त्याला मार खावा लागतो. या संग्रहाने मराठी वाचकाला दोन भागांत विभागले असे म्हटले तर चूक होणार नाही. ज्यांनी असे जगणे पाहिलेच नव्हते त्यांना ही भाषा अंगावर येणारी वाटली. ज्यांनी ते रोज सोसले होते त्यांना पुस्तकात पहिल्यांदा स्वतःचे नाव दिसले.

तोवर 'वाचकाला काय आवडते' असे म्हणताना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एकाच थरातला वाचक असे. बागुलांनंतर तसे म्हणणे अवघड झाले. आमच्या मते कथेवरच्या मतांच्या इतिहासात ही सर्वांत मोठी घटना आहे, कारण मत देणाऱ्यांची संख्याच तिने वाढवली. आजही हा संग्रह आपल्या गावांत एकत्र बसून वाचला तर सगळे एका सुरात बोलणार नाहीत. बोलूही नये. गावात कोणाला खोली मिळते, कोणाला मिळत नाही, हा विषय मध्य प्रदेशात किंवा महाराष्ट्रात संपलेला नाही. कथा वाचून एखादा गप्प बसला, तर ते गप्प बसणेही मतच समजावे.

धारवाडचे जी. ए.

१ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी मराठी माणसे अनेक बाजूंनी सीमेपलीकडे राहिली. आपण मध्य प्रदेशात, तर धारवाड मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. त्या धारवाडला जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत होते. भोवताली कानडी, कॉलेजात इंग्रजी आणि लिहायला मराठी. 'निळासावळा' १९५९, 'पारवा' १९६०, 'हिरवे रावे' १९६२, 'रक्तचंदन' १९६६, 'काजळमाया' १९७२, 'पिंगळावेळ' १९७७ असे त्यांचे संग्रह एकामागून एक आले. 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला तेव्हा जी. एं.नी तो परत केला.

जी. ए. सभा-समारंभांपासून दूर राहत, पण पत्रे मात्र भरभरून लिहीत. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले. त्यांना पत्रे लिहिणाऱ्यांत सुनीता देशपांडे होत्या, आणि त्यांची पत्रे 'प्रिय जी. ए.' या नावाने पुस्तकरूपात आली. वाचणाऱ्याने लेखकाला लिहिलेली पत्रे हेच पुढे एक वाचनीय पुस्तक झाले, याचे मराठीतले हे ठळक उदाहरण. त्यात नुसते कौतुक नाही. मतभेद आहेत, प्रश्न आहेत, इतर भाषांतल्या पुस्तकांचा उल्लेख आहे. एका चांगल्या वाचकाचे मत किती लांब पल्ल्याचे असू शकते ते या पत्रांतून कळते.

मराठीचे मोठे केंद्र जवळ नसताना एका कथाकाराने आयुष्यभर मराठीत लिहिले, आणि त्याच्याशी बोलायला वाचक टपालातून येत राहिले. पांढुर्णा-सौसरच्या वाचकाने हे लक्षात ठेवावे. राजधानी जवळ असणे ही लिहिण्या-वाचण्याची अट कधीच नव्हती.

संमेलनांचा एक योगायोग

मध्य प्रदेशाचा आणि मराठी कथेचा संबंध किती जवळचा आहे हे दाखवणारा एक योगायोग सांगायला हवा. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली १८७८ साली पुण्यात भरली. तिथून त्र्याऐंशी वर्षे एकही स्त्री संमेलनाची अध्यक्ष झाली नव्हती. ती पहिली अध्यक्ष झाली १९६१ साली, ग्वाल्हेरला. त्या होत्या कथाकार कुसुमावती देशपांडे. १९८१ साली रायपूरला संमेलन झाले तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होते. अध्यक्ष होते नवकथाकार गंगाधर गाडगीळ. २००१ साली इंदूरच्या संमेलनाच्या अध्यक्ष होत्या कथाकार आणि समीक्षक विजया राजाध्यक्ष.

वीस-वीस वर्षांच्या अंतराने, आपल्याच राज्यात, तीन वेळा कथालेखकाला हा मान मिळाला. कोणी ठरवून केले असे नाही. पण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने कथेला दिलेली ही जागा विसरण्याजोगी नाही.

वाचनालयाची पायरी

आता अवघड भाग. १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना शासनमान्यता आणि अनुदान मिळू लागले. नरखेड-काटोलच्या वाचकाला त्याचा आधार झाला. तो कायदा सीमेच्या अलीकडे लागू नव्हता. कथासंग्रह वाचला जातो तो बहुतांशी वाचनालयातून. कादंबरी किंवा चरित्र लोक कधी तरी विकत घेतात, कथासंग्रह क्वचितच. म्हणजे सीमेने आपल्याकडून काही घेतले असेल तर ती ही कथासंग्रहाची फळी.

दुसरी गोष्ट शाळेची. आज आपल्याकडची बहुतेक मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना मराठी ऐकून सगळे कळते, बोलताही येते, पण सलग दहा पाने वाचायला ती कंटाळतात. लिपी एकच असूनही हे होते, कारण वाचनाचा वेग सवयीने येतो. आमच्याकडे मांडवात एखादी कथा वाचून दाखवली की पोरे कान देऊन ऐकतात. नंतर विचारले तर उत्तर हिंदीत येते : "कहानी अच्छी थी, पर माँ ने ऐसा क्यों किया?" प्रश्न नेमका असतो. ज्या मुलाला हा प्रश्न पडला त्याने कथा पूर्ण समजून घेतली आहे. त्याने तो मराठीत विचारला नाही म्हणून त्याला रागावणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

हिंदीशी आपले वैर नाही आणि नसावे. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरात जन्मलेले हिंदीतले मोठे कवी. त्यांच्या आयुष्यातली काही वर्षे नागपुरात गेली. त्यांचा 'काठ का सपना' हा हिंदी कथासंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर आला. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत आणि त्यांच्या मराठी समीक्षाग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच घरातल्या दोन भावांनी दोन भाषा निवडल्या आणि दोन्ही भाषांना त्यातून लाभ झाला. आपल्या घरातल्या मुलांना तर दोन्ही भाषा आयत्याच मिळाल्या आहेत. प्रेमचंदांची कथा शाळेत आणि चोरघड्यांची कथा घरी, अशी तुलना करण्याची सोय पुण्यातल्या किती मुलांना आहे?

मात्र ही सोय आपोआप टिकत नाही. ऐकून समजणारी पिढी पुढे जाऊन ऐकायलाही विसरते. हे दुसऱ्या प्रांतांत गेलेल्या कित्येक मराठी घरांत झाले आहे. तीन पिढ्यांत भाषा देवघरापुरती आणि स्वयंपाकघरापुरती उरते, मग आरतीपुरती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्या सगळ्यांना त्याचा आनंद झाला, पेढेही वाटले गेले. पण दर्जा दिल्लीहून मिळतो. कथा वाचून तिच्यावर बोलणारा माणूस इथेच, जाम नदीच्या दोन काठांवर, तयार व्हावा लागतो.

मत म्हणजे काय असते?

कथासंग्रहावर आपल्याकडे बोलणे निघाले की साधारण तीन प्रकारची मते कानावर येतात. पहिले मत वडीलधाऱ्यांचे : गोष्टीतून काही शिकायला मिळाले पाहिजे. दुसरे, बहुधा बायकांचे : "एवढं दुःख कायले लिहाव? घरी काय कमी हाय?" आणि लगेच त्याच कथेतल्या बाईविषयी अर्धा तास बोलणे. तिसरे तरुणांचे : फार हळू चालते, मोबाईलवर यापेक्षा लवकर कळते.

या तिन्ही मतांचा वर सांगितलेल्या इतिहासाशी थेट संबंध आहे. पहिल्यात कीर्तन आणि आख्यानाचा संस्कार आहे. दुसऱ्यात चोरघडे-कुसुमावतींच्या कथेने जे साधले तेच आहे, कारण कथेतल्या बाईबद्दल बोलताना ती मावशी स्वतःबद्दल बोलत असते आणि तिला तशी सवड एरवी कोणी देत नाही. तिसऱ्यात फडक्यांच्या काळातला वाचक आहे, त्याला वेग आणि उलगडा हवा आहे. म्हणून यातले कोणतेच मत अडाणीपणाचे म्हणून झटकू नये. प्रत्येकाच्या मागे शंभर वर्षांचे वाचन किंवा ऐकणे उभे आहे.

मतावर मत आले की संग्रह जिवंत राहतो. चोरघड्यांचे संग्रह आज दुकानात सहज मिळत नाहीत. पण एखाद्या घरातल्या कपाटात जुनी प्रत असेल, ती कोणी वाचली, आणि आवडली-नावडली यावर दोन माणसे भांडली, तर ते पुस्तक त्या दिवसापुरते नवे होते. आपल्यासारख्या ठिकाणी हे काम दुसरे कोणी करणार नाही. महाराष्ट्र शासनाला आपल्यासाठी करता येण्याजोगे थोडे, आणि मध्य प्रदेश शासनापुढे अनेक भाषांचे प्रश्न. उरतो तो वाचक.

एक छोटी विनंती

म्हणून यंदा आम्ही वाचकांकडे फार मोठे काही मागत नाही. ज्यांच्या घरी जुने मराठी कथासंग्रह किंवा दिवाळी अंक पडून आहेत त्यांनी ते रद्दीत देण्याआधी मंडळाला दाखवावेत. उत्सवाच्या दिवसांत संध्याकाळच्या आरतीनंतर रोज एक छोटी कथा वाचली जाईल. दहा-पंधरा मिनिटांची, त्याहून मोठी नाही. वाचणारा कोणीही असू शकतो. शाळेत जाणाऱ्या मुलीने वाचली तर उत्तमच. अडखळली तरी चालेल, आजोबा शेजारी बसून शब्द सांगतील.

मांडवात प्रसादाच्या टेबलाजवळ एक दोनशे पानी वही ठेवली आहे. ऐकलेल्या किंवा घरी वाचलेल्या कथेवर तिच्यात चार ओळी लिहाव्यात. मराठीत, वऱ्हाडीत, हिंदीत, जशी जमेल तशी. 'आवडली' एवढेच लिहू नये, का आवडली ते लिहावे. आवडली नसेल तर तेही स्पष्ट लिहावे, लेखक कितीही मोठा असो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, कार्यकर्ते लिहून घेतील. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यातली निवडक मते छापण्याचा आमचा विचार आहे.

मराठी कथेच्या इतिहासात वाचकाचे पान कोरे राहिले, असे आम्ही सुरुवातीला म्हटले. पांढुर्णा-सौसरपुरते ते पान भरणे आपल्या हातात आहे. वहीसोबत पेनही बांधून ठेवला आहे. तो घरी नेऊ नये, ही आणखी एक विनंती.